बाळाचा बाप्तिस्मा, दोन घरं आणि एक वाद : लुथरन-रिफॉर्म्ड फरक नेमका कुठं आहे?

सोन्याचा_पाळणा (धागाकर्ती)

नमस्कार आणि सलाम. मी जालन्याची. घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, पणजोबा बेथेलचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे जालन्याला आले. निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. म्हणजे आमची मुळं स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, सुधारक कॅल्विनच्या शिकवणीतली. यालाच रिफॉर्म्ड म्हणतात. १९७० पासून आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पण आजोबांना अजूनही वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरावली (प्रेस्बिटेरियन शिकवणीचं पुस्तक) तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी "मनुष्याचा मुख्य हेतू काय?" याचं उत्तर मिळेल.

भावाची बायको तेलुगू, माहेर गुंटूरकडचं, पिढीजात लुथरन, म्हणजे जर्मन सुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतलं. बाळ सातव्या महिन्यातच झालं. नांदेडच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं, डॉक्टर काही बोलेनात. भावाची सासू उठली, नर्सकडून वाटीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं, दोन बोटं आत घालून बाळाच्या कपाळाला लावली आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देऊन मोकळी झाली. पाळक नाही, मंडळी नाही.

बाळ आता ठणठणीत आहे, देवाची कृपा. पण आजोबा म्हणतात हा बाप्तिस्माच नव्हे. सासूबाई म्हणतात पुन्हा द्याल तर देवाचा अपमान होईल. दोघंही आपापल्या जागी इतके ठाम आहेत की मला वाटायला लागलंय, हे नुसतं म्हाताऱ्यांचं हट्टीपण नाही, मागं काहीतरी शिकवण असणार. जाणकारांनी उलगडून सांगावं. "सगळे एकच आहोत, प्रेमानं राहा" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरात रोज ऐकतेय.

---

अंबडचा_पाहुणा

ताई, मी तर इतके दिवस समजायलो की प्रोटेस्टंट म्हणजे प्रोटेस्टंट, त्यात पुन्हा पोटजाती कशाला! वाचायलोय. चालू द्या.

---

पूर्णा_जंक्शन

ताई, मी तुमच्या वहिनीच्या बाजूचा. आजोबा रेल्वेत लागले आणि गुंटूरहून पूर्ण्याला आले, मी कॉलनीतच वाढलो. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आंध्रात लुथरन काम १८४२ पासूनचं, अमेरिकेहून आलेल्या हेयर नावाच्या पाळकानं गुंटूरला सुरू केलेलं.

सासूबाईंनी जे केलं ते आमच्याकडं अगदी रीतसर आहे. जीव धोक्यात असेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो, बाईमाणूससुद्धा. नंतर पाळकांना कळवायचं आणि मंडळीसमोर त्याची नोंद व्हायची. लूथरच्या लहान प्रश्नोत्तरावलीत (१५२९) बाप्तिस्म्याबद्दल लिहिलंय की तो पापांची क्षमा देतो, मरण व सैतानापासून सोडवतो. "दाखवतो" नाही, "देतो". आता ज्या आजीनं लहानपणी हे पाठ केलंय, ती काचेच्या पेटीसमोर हात बांधून पाळकाची वाट बघेल का?

बाकी एक गंमत. शाळेत सीएनआयच्या पोरांबरोबर शास्त्रपाठाच्या स्पर्धेला गेलो तर "पाचवी आज्ञा सांगा" म्हणाले. मी म्हटलं "खून करू नको". चूक दिली! त्यांच्यात पाचवी म्हणजे आईबापांचा मान राख. आम्ही मूर्तीची आज्ञा पहिलीतच धरतो आणि शेवटी लोभाच्या दोन करतो. त्यांच्यात मूर्तीची वेगळी दुसरी, लोभाची एकच दहावी. बक्षीस गेलं ते गेलंच.

---

छावणीवाला

संभाजीनगर छावणी, रोमन कॅथलिक. पूर्णाभाऊ, तुमची आज्ञांची मोजणी आमचीच आहे. आणीबाणीचा बाप्तिस्माही आमच्यासारखाच. मग भांडून वेगळे कशाला झालात? :)

---

जुना_पाळक

निवृत्त आहे, वेळ आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

सोन्याचा_पाळणा, तुमचे आजोबा मनाचं काही बोलत नाहीयेत. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकथनात (१६४६) स्पष्ट आहे की बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) हे रीतसर नेमलेल्या पाळकाशिवाय कुणी देऊ नये. कॅल्विनला तर सुइणींनी घाईघाईत बाप्तिस्मा देणं मुळीच पसंत नव्हतं. का? त्याला बाळाची काळजी नव्हती म्हणून नव्हे, तर उलट. त्याचं म्हणणं, देवानं "मी तुझा व तुझ्या संततीचा देव होईन" असा करार विश्वासणाऱ्यांशी केलेला आहे. बाळ जन्मतःच त्या करारात आहे. बाप्तिस्मा ही त्या कराराची खूण व शिक्का, जशी जुन्या करारात सुंता. शिक्का लावायचा राहिला म्हणून करार मोडत नाही. हॉलंडातल्या डॉर्टच्या रिफॉर्म्ड सभेनं (१६१८-१९) तर लिहूनच ठेवलं की विश्वासू आईबापांचं मूल तान्हेपणीच गेलं तर त्याच्या निवडीविषयी त्यांनी शंका घेऊ नये.

म्हणजे आजोबांचं न घाबरणं हाच त्यांचा विश्वास, आणि सासूबाईंचं वाटी घेऊन धावणं हा त्यांचा.

लुथरन म्हणतात : देव अदृश्यात काय करतो ते मला कसं कळणार? त्यानं स्वतः सांगितलंय की मी या पाण्यात, या भाकरीत, पाळकाच्या तोंडच्या या शब्दात तुला भेटेन. म्हणून तिथंच जा. रिफॉर्म्ड म्हणतात : तो भेटतो खरा, पण त्याला पाण्याशी, भाकरीशी बांधू नका. आत्मा त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला देतो. वेस्टमिन्स्टरचं वाक्यच आहे की बाप्तिस्म्याचा परिणाम तो दिल्या क्षणाशी जखडलेला नाही. बाकीचे सगळे फरक, माझ्या मते, याच गाठीतून निघतात. लोक उगाच पूर्वनिवडीपासून (कोण तरणार ते देवानं आधीच ठरवलंय, या शिकवणीपासून) सुरुवात करतात.

छावणीवाला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रभुभोजनात आहे, पण ते आता लिहीत नाही, जेवायची हाक आलीय.

---

फक्त_कृपा

मूळ लातूर, सध्या पुण्यात आयटीत. पाळकसाहेबांशी असहमत. खरा फरक पूर्वनिवडच आहे. रिफॉर्म्ड म्हणजे ट्युलिप, डॉर्टच्या सभेचे पाच मुद्दे. लूथर अर्ध्या वाटेवर थांबला, कॅल्विननं काम पूर्ण केलं. यूट्यूबवर ढिगानं प्रवचनं आहेत, ऐका.

---

पूर्णा_जंक्शन

ऐकली दादा. त्यात लुथरन किती होते?

---

जुना_पाळक

फक्त_कृपा, तुमच्याकडं येतो. आधी मारबुर्ग.

१५२९ चा ऑक्टोबर. हेस या जर्मन संस्थानाचा अधिपती फिलिप याला राजकारणासाठी सगळे सुधारणावादी एकत्र हवे होते, म्हणून त्यानं लूथर आणि झुरिकचा झ्विंग्ली यांना आपल्या मारबुर्गच्या किल्ल्यात बोलावलं. पंधरा कलमं निघाली. चौदांवर एकमत! पंधराव्यातही बहुतेक जमलं, फक्त ख्रिस्ताचं शरीर व रक्त भाकरीत-द्राक्षारसात खरोखर आहे का, इथं घोडं अडलं. लूथरनं चर्चेआधीच टेबलावर खडूनं "हे माझे शरीर आहे" असं लॅटिनमध्ये लिहून वर मखमली कापड टाकून ठेवलं होतं. झ्विंग्ली म्हणे, इथं "आहे" म्हणजे "दर्शवते". शिवाय योहान ६ मध्ये प्रभूच म्हणतो की देहाचा काही उपयोग नाही. लूथरनं पुराव्यादाखल कापड उचललं. विषय संपला. निघताना झ्विंग्लीला बंधू म्हणायलाही तो तयार झाला नाही. दोन वर्षांनी, १५३१ मध्ये, कापेलच्या लढाईत झ्विंग्ली मारला गेला.

छावणीवाला, लुथरन तुमच्यासारखे नाहीत ते असे : तुमच्यात भाकरीचं तत्त्व बदलतं, ती भाकरी राहत नाही. लुथरन म्हणतात भाकरी भाकरीच राहते आणि तिच्यात, तिच्यासोबत, तिच्याखाली ख्रिस्ताचं खरं शरीर दिलं जातं. कसं ते विचारू नका, त्यानं सांगितलं म्हणून. आणि मिस्सा (तुमचा प्रभुभोजनाचा विधी) हे अर्पण आहे हे तर लूथरला मुळीच मान्य नव्हतं.

---

सोन्याचा_पाळणा

मग आम्ही झ्विंग्लीचे का? आमच्या मंडळीत विचारलं तर दहातले नऊ म्हणतील की प्रभुभोजन म्हणजे आठवण.

---

जुना_पाळक

म्हणतील, पण कॅल्विन तसं म्हणत नाही! आपल्याकडच्या जुन्या मंडळ्यांचं हेच दुखणं आहे. नाव स्कॉटिश, शिकवण कधीच पातळ झालेली.

कॅल्विनचं म्हणणं, ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात पित्याच्या उजवीकडं आहे, ते खाली भाकरीत येत नाही. पण पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला वर उचलून त्या शरीराशी खरोखर जोडतो. म्हणून उपासनेत "तुमची अंतःकरणे वर करा" असं म्हणतात. आठवण नव्हे, खरं पोषण, मात्र तोंडानं नव्हे, विश्वासानं. १५४९ साली झुरिकवाल्यांशी त्यानं मसुदा जुळवून घेतला, त्यात त्याला थोडं नमतं घ्यावं लागलं असं मला वाटतं.

फरक ओळखायला जुने लोक एकच प्रश्न विचारत : मनात विश्वास नसलेला माणूस येऊन भाकर घेतो, त्याच्या तोंडात काय जातं? लुथरन : ख्रिस्ताचं शरीर, त्याच्याच दोषासाठी. रिफॉर्म्ड : नुसती भाकर, कारण विश्वासाचं तोंडच नाही.

---

गोदाकाठ

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, पैठणचा. धागा आवडला म्हणून आगाऊपणा करतो. हा आपला सगुण-निर्गुणाचाच वाद ना? एक म्हणतो देव या विटेवर उभा आहे, दुसरा म्हणतो तो विटेत मावेल कसा?

---

जुना_पाळक

जवळ आलात, पण एक पायरी चुकते. निर्गुण इथं कुणीच मानत नाही. देव मनुष्य झाला, देह घेतला, हे दोघांनाही मान्य. तंटा त्या देहाचा आहे. पुनरुत्थानानंतर तो देह एका जागी आहे की देवपणाचं वैभव मिळाल्यामुळं हवा तिथं हजर होऊ शकतो? लुथरन म्हणतात, ख्रिस्तातला देव आणि मनुष्य इतके एक आहेत की देवपणाचे गुण मनुष्यपणालाही मिळतात. जिथं पुत्र आहे तिथं त्याचा देहही आहे, देहाविना पुत्र आता कुठंच नाही. "देवाचा उजवा हात" ही कुठली खुर्ची नव्हे, ती देवाची सत्ता. ती सगळीकडं आहे. रिफॉर्म्ड म्हणतात, असा सर्वत्र पसरलेला देह मग माणसाचा देह कसला? हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीत (१५६३) अठ्ठेचाळिसाव्या प्रश्नाला उत्तर आहे की देवपण देहात आहे, तरी देहापुरतं मर्यादित नाही, ते त्याच्या बाहेरही आहे. लुथरनांनी याला टोपणनाव ठेवलं, "कॅल्विनवाल्यांचं ते बाहेरचं". अजूनही ग्रंथांत तेच नाव चालतं.

---

गोदाकाठ

समजलं. "देह सर्वत्र" ही कल्पना माझ्या डोक्यात आली नव्हती.

---

फक्त_कृपा

पाळकसाहेब, पूर्वनिवड राहिली.

---

जुना_पाळक

हो हो. पहिली गोष्ट, डॉर्टचे पाच मुद्दे हे रिफॉर्म्ड विश्वासाचं सार नव्हे, ते उत्तर होतं. पूर्वनिवडीवर हरकत घेणाऱ्या डच पंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमांची हरकत घेतली, म्हणून जबाबही पाचच. ट्युलिप हे आद्याक्षरांचं नाव तर खूप नंतरचं, इंग्रजीतलं. सार बघायचं तर हायडेलबर्गचा पहिला प्रश्न वाचा : जिवंतपणी व मरणात तुझा एकमेव दिलासा कोणता? उत्तर : मी माझा नाही, ख्रिस्ताचा आहे.

दुसरं, लूथर अर्ध्या वाटेवर थांबला म्हणता? माणसाची इच्छा स्वतंत्र मानणाऱ्या इरॅस्मसच्या विरोधात त्यानं १५२५ मध्ये इच्छेच्या गुलामगिरीवर लिहिलं, ते कॅल्विनपेक्षा मवाळ वाटत असेल तर पुन्हा वाचा. मनुष्य आपल्या बळावर देवाकडं वळू शकत नाही, निवड देवाचीच, कृपा फुकट, हे दोन्हीकडं सारखं.

वेगळं होतं ते पुढं. ख्रिस्त कुणासाठी मेला? लुथरन : सगळ्यांसाठी, यहूदासाठीही. डॉर्ट : त्याच्या मरणाची किंमत सगळ्या जगाला पुरेल इतकी, पण तारण्याचा हेतू निवडलेल्यांपुरता. मग काहीजण का हरवतात? कॅल्विन : तोही देवाचा निर्णय, भयंकर खरा, पण निर्णयच. लुथरन १५७७ च्या एकमत-सूत्रात म्हणतात : वाचला तो देवामुळं, हरवला तो स्वतःमुळं. हे दोन धागे जुळत नाहीत, आम्ही जुळवणारही नाही. तुमच्यासारख्या इंजिनिअर मंडळींना हे पळपुटेपणाचं वाटतं. मला नाही वाटत. शास्त्रात जिथं गाठ नाही तिथं आपण का मारायची?

---

फक्त_कृपा

पण "एकदा तारलेला कायमचा तारलेला" याला तर वचनाचा भक्कम आधार आहे. योहान १०, माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही.

---

पूर्णा_जंक्शन

हिसकावून घेणार नाही, पण स्वतः उडी मारली तर? आमच्याकडं दावीद राजाचं उदाहरण देतात. बथशेबाचं प्रकरण आणि उरियाचा खून. श्माल्काल्डच्या कलमांत (१५३७) लूथर लिहितो की दावीदासारखे भक्त असे उघड पापात पडतात तेव्हा विश्वास आणि पवित्र आत्मा त्यांच्यातून गेलेला असतो. नाथान संदेष्टा आला, पश्चात्ताप झाला, तेव्हा परत आला.

---

जुना_पाळक

आणि डॉर्टही दावीदाचंच नाव घेते बघा! तिथं म्हटलंय की दावीद व पेत्र फार वाईट पडले, पण पूर्ण पडले नाहीत. देवानं बी मरू दिलं नाही. तोच राजा, तीच गच्ची, आणि निकाल उलटा.

याचा परिणाम रात्री झोप न येणाऱ्या माणसावर होतो. मी पाळक म्हणून हे पुष्कळ पाहिलं. "माझं तारण झालंय का?" असं रिफॉर्म्ड घरातला माणूस विचारतो तेव्हा तो आत बघत असतो : माझ्यात फळं आहेत का, मी खरंच निवडलेल्यांत आहे का? लुथरन माणसाला त्याचा पाळक बाहेर बघायला सांगतो : तुझा बाप्तिस्मा झालाय, कालच तुला क्षमा ऐकवली, तुझ्या हातात भाकर दिली. लूथर स्वतः मोहाच्या वेळी "पण माझा बाप्तिस्मा झालेला आहे" हेच म्हणायला सांगतो. खरं तर कॅल्विनही म्हणतो की निवडीचा आरसा ख्रिस्तच, आत उकरू नका. पण त्याच्या मागून आलेल्यांनी उकरलंच. लुथरनांचा धोका दुसऱ्या बाजूचा : बाप्तिस्मा झालाय ना, मग आता काय बी करा.

मी स्वतः कॅल्विनच्या घरात वाढलो, पण मरणशय्येशी बसल्यावर लूथरची भाषा जास्त कामाला आली. हे माझं मत.

---

अंबडचा_पाहुणा

पाळकसाहेब, आमच्या मंडळीत झोप न येणाऱ्यांचा विषय एकच : कमिटीचं इलेक्शन आणि जागेचा खटला. तारणाचं कुणी इचारत नाही बगा.

---

सोन्याचा_पाळणा

:D आमच्याकडंही तेच.

सीएनआयमध्ये मग हे सगळं कुठं गेलं?

---

जुना_पाळक

१९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या : अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनलांची संयुक्त मंडळी, बाप्टिस्ट, ब्रेदरन, मेथडिस्टांची एक शाखा आणि डिसायपल्स. लुथरन त्यात नाहीत. बाप्टिस्ट (ते बाळाचा बाप्तिस्मा मानत नाहीत) होते म्हणून बाळाचा आणि समजत्या वयातला, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले गेले. पूर्वनिवडीवर तर बोलायचीही गरज पडली नाही. जर्मनीत उलटं झालं. प्रशियाच्या राजानं १८१७ मध्ये लुथरन व रिफॉर्म्ड मंडळ्या हुकमानं एक केल्या, त्या सक्तीपायी पुढं कितीतरी जुने लुथरन घरदार विकून ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला गेले. १९७३ च्या लॉयेनबर्ग करारानं युरोपातल्या बहुतेक मंडळ्यांनी एकमेकांचं प्रभुभोजन मान्य केलं. कट्टर लुथरन अजून त्यात नाहीत.

तुमच्या घरच्या प्रश्नाबद्दल : पाणी होतं, त्रैक्याचं नाव होतं. पुन्हा बाप्तिस्मा देणं दोन्ही परंपरांना नामंजूर, याबाबत ते एकत्र येऊन बाप्टिस्टांशी भांडलेत. आजोबांचा आक्षेप देणाऱ्यावर आहे, तो जुन्या रिफॉर्म्ड शिस्तीला धरून आहे. पण सीएनआयमध्ये अँग्लिकन रीतही आलेली आहे, तिच्यात घरी घाईत झालेला बाप्तिस्मा नंतर मंडळीसमोर जाहीर करून बाळाला स्वीकारतात. तुमच्या पाळकांना तशी विनंती करा. सासूबाईंनाही ते चालेल, त्यांच्याकडं हेच करतात.

---

सोन्याचा_पाळणा

विचारते. आजोबांना "जाहीर करणं" पटेल, "पुन्हा" हा शब्द काढायला नको.

अजून एक. वहिनीनं लग्नानंतर घरात क्रूसावर ख्रिस्त असलेली मूर्ती आणली. आजोबांनी ती कपाटात ठेवायला लावली. हेही त्यातलंच का?

---

पूर्णा_जंक्शन

त्यातलंच, आणि आज्ञांच्या मोजणीतलंही. मूर्तीची आज्ञा वेगळी धरली की ती ठळक होते. आमच्यात शास्त्रानं मना केलेलं नाही ते चालतं. रिफॉर्म्डांत उपासनेत शास्त्रानं सांगितलंय तेवढंच. झुरिकमध्ये झ्विंग्लीच्या काळात ऑर्गनसुद्धा बंद झाला, आणि तो स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा होता! स्कॉटलंडच्या बहुतेक मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नुसती स्तोत्रं, तीही पेटीबिटीशिवाय.

---

अंबडचा_पाहुणा

मग आमचं उपासना संगीत? रेव्हरंड टिळकांची भजनं? टाळ, तबला?

---

जुना_पाळक

टिळक १८९५ ला अमेरिकन मिशनमध्ये आले, तेही काँग्रिगेशनल, म्हणजे रिफॉर्म्डच घराणं. मराठी मातीत तो नियम टिकला नाही, आणि बरं झालं टिकला नाही. पण रविवार मात्र टिकला. माझ्या लहानपणी रविवारी चूल शनिवारच्या भाकरीवर चालायची. बाजार नाही, एसटी नाही, पत्तेही नाहीत. वेस्टमिन्स्टरनं सबंध दिवस पाळायला सांगितलाय, करमणूकही नको. नियमशास्त्राचा मुख्य उपयोग रिफॉर्म्डांत तारलेल्या माणसाला वाट दाखवायचा. लुथरनही तो उपयोग मानतात, पण त्यांच्या कानाला नियम आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, मग सुवार्ता सोडवते. त्यामुळं प्रवचनाचा सूरच वेगळा लागतो.

---

पूर्णा_जंक्शन

आमचे वडील पॉइंट्समन. रविवारी ड्यूटी असली की असली, गाडी थांबत नाही. घरात कुणालाच त्याचं ओझं वाटलं नाही. लूथरच्या प्रश्नोत्तरावलीत शब्बाथाच्या आज्ञेचा अर्थ दिलाय तो असा की प्रवचन आणि देवाचं वचन तुच्छ लेखू नये, ते आवडीनं ऐकावं. दिवसाचा उल्लेखच नाही. औग्सबुर्गच्या लुथरन विश्वासकथनात (१५३०) तर रविवार हा मंडळीनं सोयीसाठी ठरवला असंच म्हटलंय. वडिलांची सुट्टी मंगळवारी यायची, त्या रात्री जेवणाआधी एक अध्याय वाचायचे आणि आम्हाला प्रश्न विचारायचे. पाळक नांदेडहून पॅसेंजरनं यायचे, गाडीच्या वेळेप्रमाणं उपासना. बऱ्याचदा ती संध्याकाळी सातनंतर सुरू व्हायची.